गीझर लावला की आरसीसीबी पडतो : नेटवरचा कुठला सल्ला ऐकायचा?

तेरणाकाठ (धाराशिव), शनिवार, सकाळी ७.४०

१५ लिटरचा स्टोरेज गीझर, २,००० वॅट, पाणी बोअरचं. बटण दाबल्यावर चार-पाच मिनिटं नीट चालतो, मग मीटरजवळच्या बोर्डातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) पडतो. एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच) पडत नाही. नळाला किंवा पाण्याला करंट जाणवत नाही. गीझर बंद असला की दिवसभर काही होत नाही.

नेटवर शोधलं तर चार सल्ले मिळाले. आरसीसीबी फार नाजूक असतो, काढून टाका. ३०च्या जागी १०० मिलिअँपिअरचा बसवा. गीझरच्या टॉपमधली (प्लगमधली) हिरवी, म्हणजे अर्थची, वायर सोडवा, म्हणजे पडायचं बंद होतं. झाकण उघडून थर्मोस्टॅट 'डायरेक्ट' करून, म्हणजे तो वगळून फेज थेट पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला जोडून बघा. चारही व्हिडिओंखाली 'धन्यवाद सर, काम झालं' अशा प्रतिक्रियांची रांग आहे.

घरात म्हातारी माणसं आहेत, लहान लेकरं आहेत. मिस्त्री दोन-चार दिवस येणार नाही. तोवर घरच्या घरी काय तपासता येतं, कशाला हात लावायचा नाही, आणि असले सल्ले खरे की जीवघेणे हे ओळखायचं कसं?

---

वायरमन_परभणी, शनिवार, सकाळी ८.०५

आधी टॉप सॉकेटमधून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करू नका. मग पुढचं वाचा.

चारपैकी तीन सल्ल्यांनी 'काम' खरंच होतं, आणि धोका त्यातच आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी साधारण १५ ते ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाईन तोडतो. तुमच्या गीझरमधून तेवढा करंट हिरव्या वायरने जमिनीत चाललाय. ती वायर सोडवली की त्या करंटला वाटच राहत नाही, म्हणून आरसीसीबी शांत बसतो. पण टाकी आणि पाणी फेजला जोडलेलंच राहतं. पुढची वाट म्हणजे ओल्या फरशीवर उभं राहून नळ सोडणारा माणूस.

कुणी हात न लावता आरसीसीबी पडतोय, म्हणजे तुमच्या अर्थिंगची वायर जमिनीपर्यंत पोचलेली आहे. ही चांगली खूण आहे, ती तोडू नका.

---

मोसंबी_जालना, शनिवार, सकाळी ८.२२

१०० मिलिअँपिअरच्या सल्ल्याबद्दल. १०० आणि ३००चे आरसीसीबी वायरिंगला आग लागू नये म्हणून मेन लाईनला लावतात. माणसाच्या जिवासाठी ३०च. हृदयाची लय बिघडायला तीस-चाळीस मिलिअँपिअर करंटही पुरतो, तो किती वेळ अंगातून जातो यावर सगळं ठरतं. १००चा आरसीसीबी ४० मिलिअँपिअर गळती बिनतक्रार चालू देईल.

आणि एमसीबीचा शॉकशी संबंध नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस चिकटलेला असला तरी तो पडणार नाही.

---

हळद_वसमत, शनिवार, सकाळी ९.१०

आमच्याकडं तर सगळे लाकडी पाटावर उभं राहूनच आंघोळ करायलेत. पाट असला की करंट लागत नाही म्हणतेत. हे बरोबर हाय का?

---

वायरमन_परभणी, शनिवार, सकाळी ९.१८

नाही दादा. कोरडं लाकूड करंट अडवतं, ओलं अडवत नाही, आणि आंघोळीचा पाट पहिल्या तांब्यातच ओला होतो. शिवाय एक हात नळाला आणि दुसरा लोखंडी पाइपाला लागला तर करंट हातातून हातात, छातीमधून जातो. तिथं पाटाचा काही उपयोग नाही. पाटाची गरज भासते तिथं आधी टॉप काढा आणि गळती शोधा.

---

गोदातीर (नांदेड), शनिवार, सकाळी १०.०२

झाकण न उघडता गीझर बराचसा तपासता येतो, ते सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. अट एकच, गीझरला थ्री-पिन टॉप हवा. वायर थेट डीपी (डबल पोल) स्विचला जोडलेली असेल तर हे करू नका, वायरमनला करू द्या.

टॉप सॉकेटमधून पूर्ण काढा, कोरड्या फडक्याने पुसा. मीटर २०० ओहमवर ठेवून दोन लहान पिनांमध्ये मोजा. २,००० वॅटचं एलिमेंट असेल तर २६ ओहमच्या आसपास यायला हवं, ३,००० वॅटला साडेसतरा. हिशेब सोपा आहे, २३० गुणिले २३० भागिले वॅट. काहीच आकडा आला नाही तर एलिमेंट जळालंय, किंवा कटआउट (पाणी फार तापलं की लाईन तोडणारा) पडलाय, किंवा पाणी आधीच गरम असल्याने थर्मोस्टॅटने लाईन तोडलेली आहे. म्हणून हे गार पाण्यावर मोजायचं.

आता मीटर सर्वात वरच्या रेंजवर, २० मेगाओहम असेल तर तिथं. मोठी पिन आणि एक लहान पिन, मग मोठी पिन आणि दुसरी लहान पिन. दोन्ही वेळा 'ओएल' किंवा डावीकडं एकटा १ दिसला पाहिजे. बोटं पिनांना लागू देऊ नका, नाहीतर अंगाचाच आकडा दिसतो.

तुमची गळती तापल्यावर येते. तेव्हा गार असताना सगळं चांगलं दिसेल, फसू नका. एकदा गीझर लावा, बाथरूममध्ये कुणी नको, नळाला हात नको. आरसीसीबी पडला की टॉप काढून लगेच हीच मोजणी परत करा. ३० मिलिअँपिअर म्हणजे २३० व्होल्टला साडेसात हजार ओहम, १५ मिलिअँपिअर म्हणजे पंधरा हजार. या टापूत आकडा आला तर एलिमेंट गेलं असं समजा.

---

डोंगरपट्टा_बीड, शनिवार, सकाळी १०.३०

गोदातीर, माझा याला विरोध आहे. धागा वाचणारा प्रत्येक जण टॉपच्या पिना मोजेल असं नाही. कुणीतरी मीटर ओहमवर ठेवून तो सॉकेटमध्येच खुपसेल. मीटर फुटतो, हात भाजतो. ज्याने आयुष्यात मीटर धरलेला नाही त्याला नेटवरून मोजायला सांगू नये. टॉप काढा आणि परवानाधारक वायरमन बोलवा, एवढंच सांगावं.

---

गोदातीर (नांदेड), शनिवार, सकाळी १०.५५

डोंगरपट्टा, भीती रास्त आहे. म्हणून ठळक सांगतो : मीटरची टोकं सॉकेटला लावायची नाहीत. काढलेल्या टॉपलाच लावायची. ज्याला हे नीट समजलं नाही त्याने मोजूच नये.

पण 'फक्त वायरमन बोलवा' म्हटलं की माणूस परत व्हिडिओकडं वळतो. गावात वायरमन चार दिवसांनी येतो, थंडी आजच आहे. निदान आकडा हातात असला तर मिस्त्रीला फोनवर सांगता येतं की २ किलोवॅटचं एलिमेंट आणि गास्केट (त्याखालचं रबरी सील) घेऊनच या. त्याची एक खेप वाचते.

---

साधाप्रश्न, शनिवार, सकाळी ११.१२

टेस्टर लावून बघितलं तर चालत नाही का? टाकीला लावला आणि पेटला नाही म्हणजे करंट नाही.

---

वायरमन_परभणी, शनिवार, सकाळी ११.३०

टेस्टर दोन्हीकडून फसवतो. अर्थिंग चांगलं असेल तर गळती असूनही टाकी जमिनीच्याच पातळीवर राहते, टेस्टर पेटत नाही. उलट अर्थिंग तुटलेलं असेल तर शेजारच्या फेजच्या नुसत्या सान्निध्यानेही तो मंद पेटतो. रबरी चप्पल घालून टेबलावर उभं राहिलं तर खऱ्या फेजवरही मंद दिसतो. 'टेस्टर पेटला नाही, आता उघडा' असं सांगणारा व्हिडिओ तिथंच बंद करावा.

---

काळीमाती (लातूर), शनिवार, दुपारी १२.४५

गळती मुळात का होते, यावर थोडं. एलिमेंटच्या नळीत मधोमध नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ती पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. पाणी तापलं की खार खाली बसतो, सगळ्यात जास्त एलिमेंटवर. खाराच्या थरातून उष्णता बाहेर पडत नाही, नळी आतल्या आत जास्त तापते आणि केसाएवढी चीर पडते. पाणी आत शिरलं की पूड ओली होते आणि गळती सुरू. चार-पाच मिनिटांनी आरसीसीबी पडतो तो यामुळं. तापल्यावर चीर फाकते, आणि गरम पुडीचा विरोधही कमी होतो.

याची दुसरी तऱ्हा पण ध्यानात ठेवा. उन्हाळाभर बंद पडलेला गीझर दिवाळीनंतर पहिल्यांदा लावला की आरसीसीबी पडतो आणि एक-दोनदा तापवला की बरा होतो, असंही दिसतं. पुडीत टोकाकडून हवेतला ओलावा शिरलेला असतो. अशा वेळी लोक म्हणतात 'आपोआप नीट झालं'. टोकाचं सील गेलेलं आहे, पुढच्या वर्षी तेच होणार. एलिमेंट बदलायच्या यादीत घ्या.

---

पैठणवेस (छत्रपती संभाजीनगर), शनिवार, दुपारी १.३०

आरसीसीबी नेमका कधी पडतो हे लिहिलं की निम्मं निदान होतं. प्रश्नकर्त्याने ते लिहिलंय म्हणून उत्तरं नेमकी आली.

बटण दाबताक्षणी पडला तर फेजची वायर बॉडीला लागलीय किंवा टर्मिनल ओलं झालंय, बहुधा गास्केटमधून ठिबकून. काही मिनिटांनी पडला तर एलिमेंट. सगळ्यात गोंधळाचा प्रकार तिसरा. गीझरचं बटण बंद आहे आणि मिक्सर किंवा इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो. लोक मिक्सर दुरुस्तीला नेतात. खरं तर साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एलिमेंट न्यूट्रलच्या टोकाकडं फुटलेलं असलं की घरातल्या दुसऱ्या उपकरणाचा थोडा परतीचा करंट त्या वाटेने जमिनीत जातो. गीझरचा टॉप उपटला आणि पडणं थांबलं, तर चोर गीझरच. म्हणून गीझरला २० अँपिअरचा डीपी स्विच हवा, तो दोन्ही वायरी तोडतो.

---

हळद_वसमत, शनिवार, दुपारी २.०५

आमच्याकडं गीझर नाही, बादलीत टाकायचा रॉड हाय. १,५०० वॅटचा. त्यालाबी हेच लागू का? बादली पत्र्याची हाय.

---

काळीमाती (लातूर), शनिवार, दुपारी २.२०

दादा, पत्र्याची बादली आजच बाजूला ठेवा. रॉड फुटला तर पूर्ण बादली फेज होते. बादली जाड प्लास्टिकची घ्या आणि रॉड तिच्या काठाला टेकू देऊ नका, आडव्या काठीला टांगा.

रॉडवर पाण्याच्या पातळीच्या दोन खुणा असतात. खालच्या खुणेच्या खाली पाणी गेलं तर उघडं पडलेलं टोक लाल होऊन फुटतं, वरच्या खुणेच्या वर गेलं तर पाणी जोडणीत शिरतं. क्रम कायम एकच. आधी रॉड पाण्यात, मग टॉप, मग बटण. काढताना उलटा : बटण, टॉप, अर्धा मिनिट थांबा, मग रॉड बाहेर. पाणी तापलं का हे बोट घालून बघायचं असेल तर टॉप काढूनच.

२० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला १,५०० वॅटचा रॉड २३-२४ मिनिटं घेतो, वीज जेमतेम ०.६ युनिट. मोबाइलवर गजर लावा. रॉड लावून रानात जाऊ नका.

करंट साडेसहा अँपिअर होतो, म्हणजे ६ अँपिअरचं लहान सॉकेट किंवा साधा एक्स्टेंशन बोर्ड त्याला चालत नाही. १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, आणि त्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

---

मोसंबी_जालना, शनिवार, दुपारी २.४०

टॉप का जळतो, त्याचा हिशेब. २,००० वॅटला ८.७ अँपिअर. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल होऊन तिथं नुसता अर्धा ओहम विरोध तयार झाला तर त्या एका ठिकाणी सुमारे ३८ वॅट उष्णता निघते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टाका वितळतो, इथं प्लास्टिक आहे. टॉप हाताला चटका देण्याइतका गरम लागला, पिन काळी-निळी पडली किंवा मासळीसारखा वास आला तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्याला खातं. वायर तांब्याची, २ किलोवॅटला २.५ चौरस मिमी, ३ किलोवॅटला ४ चौरस मिमी.

१६ अँपिअरचा टॉप लहान सॉकेटमध्ये बसवणारे जे कन्व्हर्टर मिळतात ते हीटरला कधीच नको.

---

तेरणाकाठ (धाराशिव), शनिवार, संध्याकाळी ५.५०

सगळ्यांचे आभार. शेजारच्या पोराकडं मीटर होता, त्याला धागा वाचून दाखवला आणि टॉपवरच मोजलं. दोन लहान पिनांमध्ये २६.५ ओहम. गार असताना मोठ्या पिनेशी काहीच आकडा नाही. तापवून आरसीसीबी पडल्यावर लगेच मोजलं तर मोठी आणि लहान पिन यांच्यात ११ हजारांच्या आसपास, आकडा हलत होता. दोन्ही लहान पिनांशी जवळपास तेवढाच.

---

गोदातीर (नांदेड), शनिवार, संध्याकाळी ६.१०

११ हजार ओहमला २१ मिलिअँपिअर, १५ ते ३०च्या मधे. आरसीसीबी चोख काम करतोय. दोन्ही पिनांशी सारखा आकडा येणारच, कारण मधलं एलिमेंट फक्त २६ ओहमचं आहे. मीटर लहान बॅटरीवर चालतो म्हणून ओल्या पुडीवर आकडा हलतो. मिस्त्रीला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणायला सांगा. त्याच्यावर एक मेगाओहमच्या खालचं एलिमेंट ठेवू नये. तुमचा गीझर डिजिटल डिस्प्लेचा असेल तर फेज-न्यूट्रल एकत्र जोडून मग अर्थशी मेगर लावायचा, नाहीतर आतलं कार्ड उडतं. मिस्त्रीला हे आठवण करून द्या.

आता टॉप बाहेरच ठेवा.

---

साधाप्रश्न, शनिवार, संध्याकाळी ७.००

थर्मोस्टॅट डायरेक्ट करायचा सल्ला राहिला की. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी केलाय. पाणी चांगलं कडक तापतं.

---

वायरमन_परभणी, शनिवार, संध्याकाळी ७.२५

राव, त्या सगळ्यांना आज रात्रीच सांगा.

गीझरमध्ये तीन राखणदार असतात. थर्मोस्टॅट साधारण ६०-७५ अंशांना बंद होतो. तो चिकटला तर वरचा कटआउट ९० अंशांच्या आसपास पडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. तोही गेला तर सेफ्टी वॉल्व्ह दाब सोडतो. कटआउट परत परत पडतोय म्हणजे थर्मोस्टॅट चिकटलाय, तो बदलायचा. 'डायरेक्ट' केलं की पहिले दोन राखणदार गेले. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढं तापतं, आणि टाकी फुटली की त्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६०० पट. गीझरच्या स्फोटात भिंत पडते ती यामुळं.

सेफ्टी वॉल्व्हमधून तापताना थेंब पडणं हा बिघाड नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ पाव लिटर फुगतं, ते कुठंतरी जायला हवं. त्या छिद्राला एम-सील लावणारे पण आहेत. ते काढा. गीझर गार असतानाही धार लागलेली असेल तर मात्र वॉल्व्ह बदला.

---

मांजराखोरे, शनिवार, रात्री ८.१५

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर उशिरा येतो, गच्चीवरची टाकी रिकामी होते. गीझरच्या इनलेटला बसवलेला एकदिशा वॉल्व्ह चांगला असेल तर गीझरमधलं पाणी टिकतं. खार अडकून तो उघडा राहिला तर पाणी उलटं निघून जातं आणि एलिमेंट कोरडं तापतं. टाकी रिकामी झाल्यानंतर गीझर लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा, सलग धार आली तरच बटण.

---

तूरडाळ_उदगीर, शनिवार, रात्री ८.४०

आमचा गीझर बिघडलाय असं वाटायलंय. सकाळी २० मिनिटांत तापतो, दुपारी पाऊण तास. एलिमेंट बदलू का?

---

मोसंबी_जालना, शनिवार, रात्री ८.५२

थांबा. रब्बीचे दिवस आहेत, दिवसा शेतीपंप चालू झाले की गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३०चं १८० झालं तर २,००० वॅटचा गीझर १,२२५ वॅटवर येतो. २१ मिनिटांचं काम ३४ मिनिटांवर जातं, आणखी पडलं तर पाऊण तास. गीझर ठणठणीत आहे. व्होल्टेज मोजून ठेवा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा.

दिवे एकाएकी फार प्रखर झाले, पंखा वेड्यासारखा फिरायला लागला तर ते उलट प्रकरण. डीपीवर न्यूट्रल तुटलाय. मेन लगेच बंद करा, तेव्हा गीझर-टीव्ही काहीच लावू नका.

---

पैठणवेस (छत्रपती संभाजीनगर), शनिवार, रात्री ९.३०

मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग राहिला, सल्ला ओळखायचा कसा. मी एवढंच बघतो की सांगणारा कुठली सुरक्षा काढायला सांगतोय का. आरसीसीबी, अर्थची वायर, कटआउट, सेफ्टी वॉल्व्ह, यातलं काहीही काढा, तोडा, बुजवा, डायरेक्ट करा असं आलं की बाकी कितीही हुशारीचं बोलला तरी सोडून द्यायचं. दुसरं, तो उलट प्रश्न विचारतो का. वॅट किती, कधी पडतो, एमसीबी की आरसीसीबी, सॉकेटला अर्थ आहे का. न विचारता थेट उपाय सांगणाऱ्याला तुमचं घर माहीत नाही. मोबाइलवरच्या एआयला विचारणाऱ्यांनाही हेच. त्याला तुमच्या सॉकेटचा वास येत नाही.

'काम झालं' या प्रतिक्रिया पुरावा नाहीत. आरसीसीबी पडायचा थांबला एवढंच त्यांना दिसलेलं असतं.

आणि विचारणाऱ्याने प्लेटचा फोटो टाकावा, वॅट-व्होल्ट दिसेल असा. टॉप काढून पिनांचा फोटो. झाकण उघडून आतला फोटो मागणाऱ्याला नाही म्हणावं.

---

डोंगरपट्टा_बीड, शनिवार, रात्री ९.५०

हे पटलं. यात अर्थिंगची भर घालतो. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं बरेच जण समजतात. ते बटण फक्त आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासते, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. बटण महिन्याला दाबाच, पण अर्थिंग वेगळं तपासा.

काळ्या मातीत हे जास्त महत्त्वाचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, खड्ड्यातल्या पाइपाची माती सुटते, अर्थचा विरोध वाढतो. खड्ड्यात पाणी टाकत राहा. अर्थ कमकुवत असताना गीझर गळला तर त्याच वायरने करंट फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या बॉडीवर चढतो. लोक फ्रिज दुरुस्त करत बसतात. आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून 'अर्थिंग केलं' म्हणणाऱ्या मिस्त्रीला परत बोलावू नका. बाहेर न्यूट्रल तुटला की सगळ्या धातूच्या वस्तू फेज होतात.

जुन्या वाड्यांमध्ये अर्थच नसतो. तिथं निदान आरसीसीबी तरी हवाच. तो अर्थाशिवायही माणसातून जाणारा करंट ओळखतो, फक्त शॉक बसल्यावर ओळखतो.

---

हळद_वसमत, शनिवार, रात्री १०.०५

खोली गरम करायच्या लाल रॉडच्या हीटरनं खोलीतला ऑक्सिजन संपतो म्हणतेत. त्यापरीस शेगडी बरी का?

---

काळीमाती (लातूर), शनिवार, रात्री १०.२०

उलटं आहे दादा. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, ऑक्सिजन संपत नाही, हवा कोरडी वाटते एवढंच. कोळशाची शेगडी बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेगडी घरात घेऊन झोपायचं नाही. गॅस गीझरही बंद बाथरूममध्ये नको.

रॉड हीटर पांघरूण-पडद्यांपासून किमान एक मीटर लांब, भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, झोपण्याआधी बंद. आडवा पडला तर बंद होणारा स्विच असलेलाच घ्या. हंगामात पहिल्यांदा लावल्यावर धूळ जळल्याचा वास पाच-दहा मिनिटं येतो, तो चालतो. वायर किंवा टॉप गरम होऊन येणारा वास चालत नाही.

---

मोसंबी_जालना, शनिवार, रात्री १०.३५

नवीन घेताना आयएसआय चिन्ह बघा. स्टोरेज गीझरला आयएस २०८२, पाण्यात टाकायच्या रॉडला आयएस ३६८. चिन्हाखाली सीएम/एल क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून परवाना खरा आहे का ते बघता येतं. आठवडी बाजारातल्या बिनचिन्हाच्या रॉडमध्ये कुठं पूड कमी भरलेली असते, कुठं अर्थची वायर नुसती दिसायला असते.

---

वायरमन_परभणी, रविवार, सकाळी ७.१५

कुणाला शॉक बसून चिकटलेला दिसला तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर किंवा माणूस बाजूला ढकला. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. शुद्धीवर असला तरी दवाखान्यात न्या, हृदयाची लय नंतर बिघडू शकते.

---

तेरणाकाठ (धाराशिव), मंगळवार, संध्याकाळी ६.३०

मिस्त्री येऊन गेला. एलिमेंटच्या वायरी सोडवून मेगर लावला, ०.०२ मेगाओहम. बाहेर काढलं तर खाराचा जाड थर आणि वळणावर हिरवट चीर. नवीन २ किलोवॅटचं एलिमेंट आणि गास्केट बसवलं, मेगर आता १०० मेगाओहमच्या वर. ॲनोड रॉडची (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा रॉड) नुसती आतली तार उरली होती, तोही बदलला. आरसीसीबी पडत नाही.

टाकीत तळाला खार आहे. तो म्हणाला अॅसिड टाकून साफ करू, मी थांबवलं. काय करावं?

---

काळीमाती (लातूर), मंगळवार, संध्याकाळी ६.५५

थांबवलं ते बरोबर. संडास धुवायचं अॅसिड तांब्याची नळी, टाकीच्या आतला काचेचा लेप आणि नवीन ॲनोड, तिन्ही खातं. गीझरचा टॉप काढून टाकी रिकामी करायची, फ्लँज (एलिमेंट बसवलेली चकती) उघडल्यावर तळाचा सुटा खार हाताने काढायचा. चिकटलेल्यासाठी लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, लिटरला ५० ग्रॅम कोमट पाण्यात, दोन तास ठेवायचं आणि दोन-तीनदा धुऊन काढायचं. त्या वेळी ॲनोड बाहेर ठेवा.

थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा, खार कमी बसतो. बोअरच्या पाण्याला ॲनोड वर्षातून एकदा बघायचा.

---

वायरमन_परभणी, मंगळवार, संध्याकाळी ७.१०

नवीन गास्केट पहिल्यांदा तापून गार झालं की थोडं दबतं. दोन दिवसांनी टॉप काढून, झाकणाखाली कोरडं आहे का ते मिस्त्रीला बघायला सांगा आणि फ्लँजचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा आटा आवळून घ्या. एका बाजूनेच आवळले तर दुसऱ्या बाजूने ठिबकून टर्मिनल ओलं होतं.